जुना क्यूआर, नवा फोन आणि आईचं ई-सिम

आईच्या फोनची स्क्रीन गेली आणि ई-सिम, म्हणजे वेगळं कार्ड नसलेलं, फोनमधल्या चिपवर उतरवलेलं सिम, आतच अडकलं. ते घेताना मिळालेला, जपून ठेवलेला क्यूआर नव्या फोनवर स्कॅन केला, तर ‘कोड वैध नाही’.

मुळात क्यूआरमध्ये सिम नसतंच. असतो फक्त सर्व्हरचा पत्ता आणि एक कोड. प्रोफाइल, म्हणजे सिमची खरी माहिती, एकदा उतरलं की ते त्या फोनच्या चिपशी बांधलं जातं. तोच कोड सहसा पुन्हा चालत नाही.

म्हणून आईला घेऊन दुकानात गेलो. तिथल्या मुलाने आयएमईआय, म्हणजे फोनचा ओळख क्रमांक, टिपला आणि नव्या ई-सिमची विनंती फेटाळली गेली. हवा होता ईआयडी, म्हणजे ई-सिमच्या चिपचा क्रमांक! *#०६# दाबलं की दोन्ही दिसतात: आयएमईआय १५ अंकी, ईआयडी ३२ अंकी, सुरुवात ८९ ने. तो दिल्यावर काम झालं.

नवा क्यूआर ईमेलवर आला, तो माझ्या फोनवर उघडून आईच्या फोनने स्कॅन केला. वाय-फाय मात्र लागतंच, कारण तोवर नेटवर्क नसतं.

रेंज आली, पण बँकेचा ओटीपी येईना. सिम बदलल्यावर २४ तास एसएमएस बंद ठेवतात, फसवणूक टाळायला. नियम बरोबरच आहे, पण वीजबिलाची शेवटची तारीख त्याच दिवशी होती. ते माझ्या खात्यातून भरलं.