आवाजाआधी नाडी बघा

रामबागेतल्या एका आजींनी काचेच्या पेटीपाशी मला विचारलं, "डॉक्टर, नातवाच्या हृदयाला भोक आहे का हो?"

भोक नाही, आजी. पोटात असताना फुप्फुसांना श्वासाचं काम नसतं, म्हणून तिकडे निघालेलं बरंचसं रक्त एका छोट्या नळीतून महाधमनीत वळतं. पूर्ण दिवसांच्या बाळाची ही नळी दोन-तीन दिवसांत मिटते. २८ आठवड्यांतच जन्मलेल्या बाळाची पुष्कळदा उघडी राहते आणि रक्त उलट फुप्फुसांत शिरतं.

इंदूरला आमच्या युनिटमध्ये नव्या रेसिडेंटना मी आधी स्टेथोस्कोप बाजूला ठेवायला लावते. पहिल्या काही दिवसांत मोठी नळीसुद्धा गप्प असू शकते, म्हणजे छातीवर तिचा आवाज ऐकूच येत नाही. बाळाच्या तळहातावर बोट ठेवा. नाडी ठणठण लागते का? रक्तदाबाचा खालचा आकडा घसरलाय? काल २५ टक्के ऑक्सिजनवर असलेलं बाळ आज ४० मागतंय?

मग इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. नळी दीड मिलिमीटरहून रुंद, डावा वरचा कप्पा महाधमनीच्या दीडपट, उतरत्या महाधमनीत दोन ठोक्यांमध्ये मागे फिरणारं रक्त: हे ओझं आहे. बाकी हृदयाची ठेवण नीट आहे ना, हे आधी पक्कं करा. काही जन्मजात दोषांत हीच नळी बाळाला जगवते.

तरी लगेच औषध नको. बऱ्याच नळ्या आपोआप मिटतात. २८ आठवड्यांआधी जन्मलेल्या बाळांवरच्या, २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या युरोपीय चाचणीत थांबून बघणं लवकर आयबुप्रोफेन (नळी मिटवायचं औषध) देण्यापेक्षा वाईट ठरलं नाही. पाणी मोजून द्या, व्हेंटिलेटरचा पीप (श्वास सोडल्यावरही फुप्फुसांत राखलेला दाब) थोडा वाढवा, रोज हात लावून बघा.

बाळ दमतच असेल तर आयबुप्रोफेन: किलोमागे १०, मग २४ तासांच्या अंतराने ५ आणि ५ मिलिग्रॅम. आजींच्या ९८० ग्रॅमच्या नातवाला ९.८, ४.९, ४.९. प्रत्येक डोसआधी प्लेटलेट, क्रिएटिनिन (किडनीची रक्ततपासणी), पोट आणि लघवी बघायचीच. मी शिकत असताना एका रात्रपाळीत लघवीचा तक्ता न बघता मी दुसरा डोस दिला. त्या बाळाची लघवी दीड दिवस बंद होती. तो तक्ता मी आजही स्वतः वाचते. किडनी किंवा प्लेटलेट साथ देत नसतील तर पॅरासिटामॉल, किलोमागे १५ मिलिग्रॅम, दर सहा तासांनी. दोन्ही हरले आणि बाळ व्हेंटिलेटरवरून उतरतच नसेल, तरच नळी बांधायची शस्त्रक्रिया किंवा कॅथेटरने बुच.

आणि आईचं दूध थेंबाथेंबाने चालू ठेवा. आजींना मी तेच काम दिलंय: सुनेला दर तीन तासांनी दूध काढायची आठवण करायची.