पाखाडीवरून सळई नेताना आणि गच्चीवर ठेवताना

कोकण किनारपट्टीवरच्या वाडीत घर बांधायचे झाले, तर ट्रक बहुधा वरच्या रस्त्यावरच थांबतो आणि सळया चिऱ्याच्या पाखाडीवरून, म्हणजे दगडी पायऱ्यांच्या वाटेवरून, खांद्यावर खाली आणाव्या लागतात.

१२ मीटरची सळई अनेकदा मधोमध दुमडून येते. गठ्ठ्याची तार तुटताच सळईची टोके जोराने फाकतात, म्हणून तार तोडणाऱ्याने वाकाच्या बाजूला उभे राहावे आणि बाकीच्यांना आधी दूर करावे. वजनाचा अंदाज सोपा आहे: मिलिमीटरमधील व्यासाचा वर्ग करून त्याला १६२ ने भागले की मीटरमागचे किलो मिळतात. या हिशोबाने १६ मिमीची पूर्ण सळई सुमारे १९ किलो, तर २५ मिमीची सुमारे ४६ किलो भरते; ही दुसरी एकट्याच्या खांद्यावर कधीही देऊ नये. दोघांनी एकाच बाजूच्या खांद्यावर घ्यावी आणि ठेवताना हाक देऊन एकदमच खाली ठेवावी. पाखाडीच्या वळणावर पुढचा माणूस वळला की मागचे टोक उलट दिशेला फिरते, त्यामुळे तेथे तिसरा माणूस उभा करणे आवश्यक आहे. माडांमधून गेलेल्या विजेच्या तारांखाली सळई उभी धरू नये. पावसात शेवाळलेल्या पायऱ्यांवरून वाहतूक थांबवावी, एक दिवस गेला तरी चालेल.

माझ्या मते खरा धोका काम थांबल्यानंतर सुरू होतो. पुढचा मजला कधीतरी चढवू, या आशेने गच्चीवर सोडलेल्या कॉलमच्या सळया वर्षानुवर्षे तशाच उभ्या राहतात आणि त्यांच्याच शेजारी मुले खेळतात, कपडे वाळत पडतात. सळईच्या टोकावर बसवलेली साधी प्लॅस्टिकची टोपी ओरखडा टाळते. वरून पडणाऱ्या माणसाला ती वाचवू शकत नाही. काम चालू असताना टोकांवर पोलादी पत्रा असलेल्या टोप्या किंवा मजबूत लाकडी पन्हळ बसवावी. काम लांबणार असेल, तर इंजिनिअरला विचारून सळया हलक्या प्रतीच्या काँक्रीटमध्ये झाकून टाकाव्यात, म्हणजे खाऱ्या हवेने येणारा गंजही रोखला जातो. स्वतःच्या मनाने त्या वाकवून पुन्हा सरळ करू नयेत, कारण त्याने पोलादाला तडा जाऊ शकतो.

बांधणीच्या तारेची टोके आत वळवावीत, हातमोजे चामड्याचे असावेत आणि गंज घासताना चष्मा लावावा. जखम झाल्यास धनुर्वाताच्या लशीबाबत त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावे. सळई शरीरात घुसली असेल, तर ती ओढून काढू नये. आधार देऊन स्थिर ठेवावी आणि १०८ ला फोन करावा.