रास्पबेरी पाय ५ वर डार्टमधील प्रोग्रॅम चालतो, पण एलईडी लागत नाही: माझा अनुभव

इंदूरच्या आमच्या घरी नर्मदेचे पाणी टाकीत किती चढले हे दाखवणारा एक छोटा दिवा (एलईडी) मी रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर डार्ट या प्रोग्रॅमिंग भाषेतून चालवत होतो. पाय ४ वर नीट चालणारा तोच प्रोग्रॅम पाय ५ वर कोणतीही त्रुटी न दाखवता संपत असे आणि दिवा मात्र लागत नसे. वायर बदलली, ३३० ओहमचा रोध बदलला, प्रशासकाच्या अधिकाराने चालवून पाहिले. सारे व्यर्थ, आणि वैताग वेगळाच.

प्रथम टर्मिनलवर 'पिनसीटीआरएल सेट १७ ओपी डीएच' ही पिन १७ थेट चालू करणारी आज्ञा दिली (अर्थात रोमन लिपीत). प्रोग्रॅममधली ही पिन १७ म्हणजे बोर्डावर मोजल्यास ११ व्या क्रमांकाची पिन; तिच्यावरील दिवा लागला, म्हणजे जोडणी निर्दोष होती. नंतर पिना सांभाळणाऱ्या चिपांची क्रमांक व लेबलांसह यादी देणारी 'जीपीआयओडिटेक्ट' ही आज्ञा चालवली. पाय ५ मध्ये या पिना मुख्य प्रोसेसरऐवजी आरपी१ या स्वतंत्र चिपकडे असतात, आणि माझ्या जुन्या कर्नलमध्ये (ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्यामध्ये) 'पिनसीटीआरएल-आरपी१' हे लेबल चिप ४ समोर होते, तर प्रोग्रॅम चिप ० उघडत होता.

पिन १७ तशीच ठेवून चिपचा क्रमांक ४ केला आणि दिवा लागला. मात्र नव्या कर्नलमध्ये हीच चिप पुन्हा ० होते. म्हणून क्रमांक कायमचा न लिहिता, प्रत्येक चिप उघडून तिचे लेबल वाचावे, आणि 'पिनसीटीआरएल-आरपी१' सापडेल तीच वापरावी, असा बदल मी शेवटी केला.