शेडनेटमधली कीड: फवारा मारायच्या आधी काय बघायचं, मारायचा तर कसा मारायचा

पोखरातून (राज्य सरकारच्या कृषी संजीवनी प्रकल्पातून) सबसिडी मिळायला लागल्यापासून जालना, संभाजीनगर, बीड भागात गावोगाव शेडनेट उभी राहिलीत, आणि बऱ्याच जणांचा समज असाय की जाळी मारली म्हणजे कीड बाहेरच राहिली. तसं नसतंय. आत वारा कमी, पावसाचा मार नाही, कोवळं पान बारा महिने आणि किडीला खाणारे मित्रकीटक बाहेर अडकलेले, त्यामुळं कीड एकदा आत शिरली की बाहेरच्यापेक्षा आतच जोरात वाढते. ढोबळी मिरची धरून सांगतो, काकडी-टोमॅटोवाल्यांनाही बरंचसं हेच चालतं.

आधी दार

हिरवी शेडनेट सावलीसाठी असते, तिच्या भोकातून पांढरी माशी आरामात आत येते. तिला अडवायचं तर बाजूंनी 40 मेशची (इंचाला 40 भोकं) इन्सेक्ट नेट लागते. थ्रिप्स म्हणजे फुलकिडे मात्र त्यातूनही घुसतात आणि त्याहून बारीक जाळी लावली तर आपल्याकडच्या उन्हात आत भट्टी होते, म्हणून त्या नादाला लागू नका. दार एकच असेल तर आजच दुसरं करा, दोन दारांमधे पाच-सहा फूट जागा ठेवा आणि एक लागल्याशिवाय दुसरं उघडायचं नाही, हे कामाला येणाऱ्या बायांना, पोरांना समजावून सांगा. फाटलेली जाळी सुतळीनं शिवून घ्या. कपाशी वेचून किंवा वांग्यातून आलेल्या माणसानं तसंच आत जायचं नाही, आणि पिवळा शर्ट तर घालायचाच नाही, मावा अन् पांढरी माशी पिवळ्या रंगावर येते, म्हणजे तुम्ही स्वतःच तिला आत घेऊन जाता.

भोवतीचं गाजर गवत काढा, त्यावर पिठ्या ढेकूण असतो. आणि शेजारी कपाशी असेल तर ती उपटतात त्या दिवसांत डोळ्यात तेल घालून बघा, कारण तिथली सगळी पांढरी माशी त्या वेळी नवीन घर शोधत असते. नर्सरीतून रोपं आणताना ट्रे उलटसुलट करून पानांच्या खालची बाजू बघूनच घ्या, निम्मी कीड तर आपण पैसे देऊन घरी आणतो.

मग ओळख

मिरचीची पानं गोळा व्हायलीत म्हणलं की दुकानदार एक बाटली हातात देतो, पण पानं गोळा कशानं व्हायलीत हेच कुणी विचारत नाही. पान कडेनं वरच्या बाजूला वळलं तर बहुतेक थ्रिप्स. खालच्या बाजूला वळलं, देठ लांबलं आणि शेंडा बारीक राहिला तर पिवळा कोळी. पानं बारकी, पिवळसर आणि झाडच खुजं राहिलं तर पांढऱ्या माशीनं आणलेला व्हायरस, तिथं औषधानं झाड दुरुस्त होत नाही, ते उपटून पिशवीत घालून बाहेर न्यायचं.

शंका असेल तर फूल पांढऱ्या कागदावर टिचकी मारून झटका, बारीक लांबट किडे पळताना दिसले की थ्रिप्स. 2021 मध्ये आंध्र-तेलंगणातल्या मिरचीवर जे काळे थ्रिप्स आले ते तर फुलातच दडून बसतात, त्यामुळं नुसती पानं बघून भागत नाही. पानावर बारीक फिकट ठिपके, खाली जाळं आणि भिंगातून आठ पायांचा जीव दिसला तर लाल कोळी.

आणि इथंच सगळा घोळ होतो. कोळी हा कीटकच नाही, त्याच्यावर इमिडाक्लोप्रिडसारखं कीटकनाशक चालत नाही. उलट सायपरमेथ्रीनसारखी औषधं मारत बसलात तर कोळ्याला खाणारे जीव मरतात आणि कोळी वाढतो. एप्रिल-मे मधल्या कोरड्या गरमीत त्याची पिढी आठवडाभरात तयार होते, म्हणजे चुकीच्या औषधात एक आठवडा गेला की प्लॉट हातातून गेलाच समजा.

चिकट सापळे लावाच. पिवळे पांढऱ्या माशीला, माव्याला, नागअळीला, निळे थ्रिप्सला. 10 गुंठ्याला दहा-बारा, झाडाच्या शेंड्याच्या जरा वर, आणि झाड वाढेल तसे वर घ्यायचे (हे कुणी करत नाही). सापळ्यानं कीड संपत नाही, पण कुठल्या कोपऱ्यातून यायलीय ते कळतं, मग फवाराही त्याच कोपऱ्यात आधी मारता येतो.

फवारा मारायचाच असेल तर

सुरुवातीला निंबोळी अर्क, 5 टक्के. पाच किलो निंबोळीचा चुरा रात्रभर दहा लिटर पाण्यात भिजवायचा, सकाळी फडक्यातून गाळायचा, वेगळ्या पाण्यात 200 ग्रॅम साबणाचा चुरा विरघळवून त्यात टाकायचा आणि एकूण 100 लिटर करायचं. त्याच दिवशी संध्याकाळी वापरा, उन्हात त्याचा दम जातो. निंबोळ्या जून-जुलैत बांधावर फुकट पडलेल्या असतात, तेव्हाच गोळा करून वाळवून ठेवा, बुरशी लागलेल्या नकोत.

व्हर्टिसिलियम, बिव्हेरिया ही किडीला मारणाऱ्या बुरशीपासून बनवलेली औषधं चांगली आहेत पण त्यांना हवेत ओल लागते. पावसाळ्यात मारा, भर उन्हाळ्यात फॉगर (पाण्याचं धुकं सोडणारं यंत्र) नसेल तर पैसे वाया जातात, आणि बुरशीनाशकात मिसळलीत तर तीच मरतात.

केमिकल मारताना नाव नको, गट बदला. इमिडाक्लोप्रिड, ॲसिटामिप्रिड, थायमेथॉक्झाम ही तीन वेगवेगळ्या नावांची असली तरी एकाच गटातली आहेत, आलटून पालटून मारली तरी किडीला एकच वाटतं. कोळ्यासाठी स्पायरोमेसिफेन किंवा ॲबामेक्टिनसारखं कोळीनाशकच घ्या, गंधक मारायचं असेल तर कडक उन्हात नाही, पानं करपतात. आपल्या बोअरचं पाणी जड असतं, औषध टाकायच्या आधी पीएच बघा, 6 ते 7 च्या मधे आणा, नाहीतर बरीच औषधं टाकीतच निकामी होतात. नोझल खालून वर धरा, कीड पानाच्या खाली बसलेली असते.

डोस लेबलवरचाच, आणि फवारणीनंतर तोडणीला किती दिवस थांबायचं तेही तिथंच लिहिलेलं असतं, ढोबळी दोन-तीन दिवसाआड तोडावी लागते म्हणून हे आधी वाचा. 2017 ला यवतमाळकडं कपाशीवर फवारताना विषबाधा होऊन शेतकरी गेले, ते तर उघड्या रानात होते. शेडनेटमधे वारा नसतो, तेव्हा मास्क, हातमोजे, पूर्ण बाह्या आणि मारून झालं की लगेच बाहेर, आत बसून बिडी ओढायची नाही.

प्लॉट संपल्यावर

झाडं उपटायच्या आधी शेवटचा फवारा मारा, नाहीतर कीड उठून शेजाऱ्याकडं जाते. उपटलेली झाडं दाराशी ढीग लावून ठेवू नका, लांब नेऊन पुरा. थ्रिप्सचे कोष मातीत असतात, म्हणून एप्रिल-मे मध्ये बेड भिजवून त्यावर 25 मायक्रॉनचा पारदर्शक प्लास्टिकचा कागद चार ते सहा आठवडे अंथरा, आपलं 42-43 डिग्रीचं ऊन एरवी छळतं, इथं फुकट कामाला येतं. आत एकही गवताची काडी हिरवी ठेवू नका, खायला नसेल तर पांढरी माशी काही दिवसांतच मरते. कागद पारदर्शकच पाहिजे, काळ्या मल्चिंगखाली माती तेवढी तापत नाही, आणि कडा मातीत चांगल्या दाबा, वैशाखातलं वावटळ सुटलं की कागद थेट शेजारच्या बांधावर.