टेस्ट ९५ टक्के अचूक म्हणजे नक्की काय? चार खाने काढा आणि माणसं मोजा

रिपोर्ट पॉझिटिव्ह आला की पोटात गोळाच येतो, आणि त्यात कोणी म्हणालं की टेस्ट ९५ टक्के अचूक आहे की आपण धरूनच चालतो की आपल्याला आजार असायची शक्यता ९५ टक्के. बऱ्याचदा ती त्यापेक्षा खूपच कमी असते. हे कळायला फॉर्म्युले पाठ करू नका, कागद पेन्सिल घ्या आणि टक्के सोडून माणसं मोजा.

एक चौकोन काढा, त्याचे चार खाने करा. वरती दोन रकाने, आजार आहे आणि आजार नाही. डावीकडे दोन ओळी, टेस्ट पॉझिटिव्ह आणि टेस्ट निगेटिव्ह. आता १०,००० माणसं धरा आणि आजार शंभरात एकाला आहे असं धरा, म्हणजे १०० आजारी आणि ९,९०० ठणठणीत. सेन्सिटिव्हिटी ९५ टक्के म्हणजे त्या १०० आजाऱ्यांपैकी ९५ पकडले जातात, ५ सुटतात. स्पेसिफिसिटी पण ९५ टक्के धरू, म्हणजे ९,९०० पैकी ९,४०५ जणांना बरोबर निगेटिव्ह येतं आणि उरलेल्या ४९५ जणांना काही नसताना पॉझिटिव्ह. आता फक्त पॉझिटिव्हची आडवी ओळ बघा. ९५ आणि ४९५ मिळून ५९० जण, त्यात खरे आजारी ९५, म्हणजे जेमतेम १६ टक्के!

मला स्वतःला हे पहिल्यांदा कळलं तेव्हा मी तीनदा बेरीज करून बघितली होती. टेस्टमध्ये खोट नाहीये, ठणठणीत लोकच इतके जास्त आहेत की त्यांचे पाच टक्के सुद्धा आजाऱ्यांच्या ९५ टक्क्यांना भारी पडतात. सगळा घोळ छेदाचा आहे. सेन्सिटिव्हिटी काढताना छेदात आजारी लोक असतात, उभा रकाना, आणि आपल्याला हवं असलेलं उत्तर पॉझिटिव्ह आलेल्यांमधून काढायचं असतं, आडवी ओळ. आजार असेल तर टेस्ट पॉझिटिव्ह येईल का आणि टेस्ट पॉझिटिव्ह आली तर आजार असेल का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत.

आता तोच चौकोन परत काढा, पण या वेळी लक्षणं असलेले, डॉक्टरांना आधीच शंका आलेले १०,००० लोक घ्या, ज्यांच्यात शंभरात ३० जणांना आजार आहे. ३,००० आजाऱ्यांतले २,८५० पॉझिटिव्ह, ७,००० ठणठणीतांतले ३५० पॉझिटिव्ह. ३,२०० पैकी २,८५०, म्हणजे ८९ टक्के. टेस्ट तीच, ९५ टक्क्यांचे दोन्ही आकडे तेच, पण टेस्ट कोणाची केली यावर उत्तर १६ वरून ८९ वर गेलं. म्हणून रिपोर्ट हातात आला की आधी डॉक्टरांना विचारा की माझ्यासारख्या वयाच्या, माझ्यासारखी लक्षणं असलेल्या शंभर जणांत हा आजार किती जणांना असतो. आणि पहिल्या चौकोनातली निगेटिव्हची ओळ पण बघून घ्या, ९,४१० जणांत चुकून सुटलेले फक्त ५, म्हणजे आजार दुर्मिळ असेल तर अशा टेस्टचा निगेटिव्ह रिपोर्ट बराच दिलासा देतो.

रिस्कच्या आकड्यांना पण हीच सवय लावा. १९९५ मध्ये ब्रिटनमध्ये इशारा दिला गेला की काही नवीन गर्भनिरोधक गोळ्यांनी रक्ताची गुठळी होण्याचा धोका दुप्पट होतो. ऐकून कितीतरी बायकांनी गोळ्याच बंद केल्या. मुळात ७,००० बायकांमागे १ असलेला धोका २ झाला होता, रिलेटिव्ह रिस्कच्या भाषेत, म्हणजे एक धोका दुसऱ्याच्या किती पट आहे ते बघितलं तर, १०० टक्के वाढ आणि प्रत्यक्षात ७,००० मागे एक जास्त. पुढच्या वर्षी इंग्लंड आणि वेल्समध्ये अंदाजे १३,००० गर्भपात जास्त झाले, आणि गंमत नाही हो, गरोदरपणात गुठळीचा धोका त्या गोळ्यांपेक्षाही जास्त असतो. हे वाचून मला अजून वाईट वाटतं, कारण एक आकडा पूर्ण सांगितला असता तर बरंच टळलं असतं.

तर 'धोका २५ टक्क्यांनी कमी' असं वाचलं की विचारा, कितीवरून किती आणि किती वर्षांत? समजा पाच वर्षांत औषध न घेतलेल्या १०० जणांत ४ जणांना अटॅक येतो आणि घेतलेल्या १०० जणांत ३ जणांना, तर २५ टक्के खरंच आहेत, पण एकाचा अटॅक टाळायला १०० जणांनी पाच वर्षं औषध घ्यायचं. याला नंबर नीडेड टू ट्रीट म्हणतात, १९८८ मध्ये मांडलेली कल्पना आहे आणि मला तरी सगळ्यात प्रामाणिक आकडा हाच वाटतो. साइड इफेक्टचा हिशोब पण असाच मांडा, किती जणांनी घेतलं की एकाला त्रास होतो, मग दोन्ही आकडे शेजारी ठेवून ठरवता येतं.

शेवटचं ऑड्स रेशोचं. ऑड्स म्हणजे आजार असलेले भागिले नसलेले, आणि दोन गटांच्या ऑड्सचा भागाकार म्हणजे ऑड्स रेशो. आजार दुर्मिळ असेल तर तो रिलेटिव्ह रिस्कच्या जवळपास येतो, पण गोष्ट कॉमन असली की फुगतो. एका गटात १०० पैकी ६० आणि दुसऱ्यात ४० असतील तर रिस्क दीडपट आहे, ऑड्स रेशो मात्र (६०/४० भागिले ४०/६०) २.२५ येतो, आणि बातमीत तो सव्वादोन पट धोका म्हणून छापला जातो, तेव्हा परत चौकोन काढून मूळ ६० आणि ४० शोधा.