जुन्या रीलमध्ये नवे पार्ट टाकायचे का?

बाबांच्या वेळची मासे धरायची स्पिनिंग रील (गळाची दोरी, म्हणजे लाइन, गुंडाळायचं चक्र) घरात पडलीये आणि ऑनलाइन कार्बन वॉशर, सिरॅमिक बेअरिंग बघून हात शिवशिवतायत, तर आधी ती उघडून घासलेटनं धुवा, नवं ग्रीस लावा, लाइन रोलरला, म्हणजे लाइन ज्यावरून वळते त्या छोट्या चाकाला, तेलाचा एक थेंब द्या, बरीचशी कुरकुर तिथंच थांबते. मग हँडल सावकाश फिरवा. दात अडकल्यासारखी करकर बोटांना लागली तर मेन गिअर नि त्याला लागून फिरणारं छोटं गिअर (पिनियन) झिजलेत, अशा रीलवर पैसे घालू नका.

गिअर ठीक असेल तर पहिला खर्च ड्रॅगवर, म्हणजे मासा ओढतो तेव्हा लाइन ताणात ठेवून सोडणाऱ्या ब्रेकवर करा, हे मी अगदी मनापासून सांगतोय. इंदूरहून बडवाहला गेलो होतो, नर्मदेवर चांगला रोहू लागला आणि ड्रॅग अडकत अडकत सुटत होता, लाइन तटकन तुटली. घरी येऊन स्पूल (लाइन गुंडाळलेली फिरकी) उघडला तर फेल्टचे वॉशर दबून पुठ्ठ्यासारखे कडक झालेले. कार्बनचे वॉशर गरम झाले तरी एकसारखे सरकतात. फक्त व्यास, भोक आणि जाडी व्हर्नियरनं मोजूनच मागवा, जाडी चुकली की ड्रॅगचा नॉब नीट बसत नाही, आणि ड्रॅग ग्रीसचा अगदी पातळ हात द्या.

हँडलपाशी प्लास्टिकचा बुश (दांडा ज्यात फिरतो ती कडी) असेल तर त्याच मापाचं बॉल बेअरिंग, उदाहरणार्थ ७×११×३ मिमी, इंदूरच्या सियागंज बाजारात विचारून बघा. सिरॅमिकच्या नादी लागू नका, स्पिनिंग रीलचा स्पूल कास्ट करताना, म्हणजे गळ फेकताना फिरतच नाही, तो फायदा बेटकास्टरवाल्यांचा, त्या रीलचा स्पूल फेकताना फिरतो.