बरणीत छोटं तळं कसं बनवायचं

इकोसिस्टीम, म्हणजे एकमेकांवर जगणारे जीव आणि त्यांच्याभोवतीचं पाणी-माती-हवा, घरबसल्या बघायची असेल तर दोन-तीन लिटरची काचेची बरणी घ्या, लोणच्याची चालेल पण तेल-मीठ आणि साबणाचा अंशही राहू देऊ नका. पाणी जवळच्या तळ्याचं किंवा शेततळ्याचंच आणा, नळाच्या पाण्यात क्लोरीन असतं आणि आपल्याला हवे असलेले बारीक जीवच त्याने मरतात.

तळाशी गाळ फक्त एक-दोन बोटं. बहुतेक जण इथेच फसतात, गाळ भरपूर घातला की बरणी जास्त जिवंत राहील असं वाटतं पण होतं उलटंच, कारण गाळातले बॅक्टेरिया कुजका पाला खाताना रात्रंदिवस ऑक्सिजन वापरत असतात आणि वनस्पती ऑक्सिजन देणार फक्त उजेड असेपर्यंत. अमेरिकेत अ‍ॅरिझोनात बायोस्फीअर २ नावाच्या काचेच्या बंद इमारतीत १९९१ ते १९९३ आठ माणसं राहिली, तिथे आतला ऑक्सिजन २०.९ टक्क्यांवरून साधारण १४.५ वर आला आणि शेवटी बाहेरून सोडावा लागला. मुख्य कारण हेच, माती सेंद्रिय पदार्थांनी भरलेली होती, तिच्यातल्या सूक्ष्मजीवांनी ऑक्सिजन संपवला आणि त्यातून निघालेला बराचसा कार्बन डायऑक्साइड काँक्रीटने शोषला, म्हणजे त्यापासून परत ऑक्सिजन बनवायला झाडांच्या वाट्याला तो आलाच नाही!

आता हायड्रिला या पाण्यात बुडून वाढणाऱ्या वनस्पतीच्या दोन-तीन काड्या आणि एखादी छोटी पाणगोगलगाय सोडा. मासा नको, गप्पीसुद्धा नको, एवढ्याशा जागेत त्याला पुरेसा ऑक्सिजन मिळत नाही. वर चार बोटं हवा ठेवून झाकण घट्ट लावा म्हणजे डासांचाही प्रश्न नाही. बरणी उजेडात ठेवा पण थेट उन्हात नाही, पाणी तापून सगळं मरतं.

गढूळपणा बसला की मग खरी मजा आहे. उजेड चांगला असताना हायड्रिलाच्या तुटलेल्या टोकाकडे बघा, बारीक बुडबुड्यांची माळ वर जाताना दिसते, तोच ऑक्सिजन. गोगलगाय काचेवरचं शेवाळ खरवडून खाते, तिची विष्ठा बॅक्टेरिया कुजवतात, त्यातलं नत्र परत हायड्रिलाला मिळतं. रात्री टॉर्च मारलात तर झटके देत पोहणारे पांढरे ठिपके दिसतील, त्या पाणपिसवा.

पाणी हिरवंगार झालं तर उजेड कमी करा. सडक्या अंड्यासारखा वास आला तर ऑक्सिजन संपलाय, अर्धा गाळ काढा, तळ्याचं ताजं पाणी घाला. आणि बरणी मोडायची झाली तर सगळं जिथून आणलं त्याच तळ्यात सोडा, दुसरीकडे कुठे नको, हायड्रिला एका तुकड्यापासूनही पसरतो.